बीपीची गोळी: पहिल्या चिठ्ठीपासून पुढे रोज काय करायचं

बीपी वाढलेलं असतं तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि गोळीने ते उतरलं तरी काही वेगळं वाटत नाही. या गोळीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. त्रास नाही म्हणून गोळी राहते, आकडा चांगला आला म्हणून बंद होते, पाठ दुखली म्हणून तिच्या जोडीला भलतंच औषध पोटात जातं. नव्याने गोळी सुरू झालेल्यांसाठी आणि घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या सांभाळणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिलं आहे. डोस ठरवणं, वाढवणं, बदलणं हे डॉक्टरांचं काम. त्यांनी दिलेली गोळी नीट घेणं मात्र आपल्याच हातात असतं.

१. डॉक्टरांसमोरून उठण्याआधी

चिठ्ठी लिहून होण्याआधी या गोष्टी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगा:

- दमा किंवा धाप लागण्याचा जुना त्रास
- मधुमेह, किडनीचा आजार, गाऊट (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार), हृदयाचे ठोके मंद असणं
- पूर्वी एखाद्या औषधाने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला असेल तर ते
- गरोदरपण, दिवस राहण्याचा विचार, किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते
- सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, पूड, मलम, थेंब, व्हिटॅमिन

शेवटच्या ओळीत लोक हमखास गाळतात ती अधूनमधून घेतलेली औषधं. गुडघेदुखीची गोळी, चोंदलेल्या नाकाची गोळी, झोपेची गोळी, लैंगिक शक्तीची गोळी. ही शेवटची सांगायला संकोच वाटतो, पण काही औषधांबरोबर ती जिवावर बेतू शकते. तेव्हा संकोच बाजूला ठेवा.

मग चार प्रश्न विचारून उत्तरं तिथेच लिहून घ्या. गोळी कधी घ्यायची? बीपी कितीपर्यंत यायला हवं? रक्त कधी तपासायचं? उलट्या-जुलाब झाले तर कुठली गोळी थांबवायची? चौथा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

२. जवळ काय असायला हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचा मोबाइलमधला फोटो
- क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं), पोटॅशियम, सोडियम आणि साखरेचे ताजे रिपोर्ट
- दंडाला बांधायचं बीपीचं डिजिटल यंत्र (मनगटावरच्या यंत्राचा आकडा हाताच्या स्थितीनुसार फार बदलतो)
- शिवणकामाची टेप, दंडाचा घेर मोजायला
- एक साधी वही
- आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी
- पाकिटात मावेल असा कागद: आजार, औषधं, डोस, अ‍ॅलर्जी, घरच्यांचा फोन नंबर

३. आपली गोळी कुठल्या गटातली आहे ते ओळखा

स्ट्रिप उलटी करून उजेडात धरा. ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते कंपनीने दिलेलं नाव. आपल्याला हवं ते बारीक अक्षरांत असतं: औषधाचं मूळ नाव आणि त्यापुढे मिलिग्रॅम. तेच वहीत उतरवून घ्या. एकच औषध अनेक नावांनी मिळतं. जुन्या डॉक्टरांची एक स्ट्रिप आणि नव्या डॉक्टरांची दुसरी, नावं वेगळी पण आतलं औषध तेच, आणि दोन्ही रोज चालू. असा दुहेरी डोस वाटतो त्यापेक्षा पुष्कळदा होतो. नावाच्या शेवटी एखाददोन जादा अक्षरं असतील तर सहसा त्या एका गोळीत दोन किंवा तीन औषधं असतात. दुकानातून नवी स्ट्रिप आली की जुनीशेजारी ठेवून मूळ नाव, मिलिग्रॅम आणि ती जादा अक्षरं जुळवून बघा.

शेवटी ‘-डिपिन’ असलेली (अम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन): या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. अम्लोडिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते. संध्याकाळी मोज्याच्या रबराची खोल खूण उमटू लागली की ओळखा. ही सूज बहुधा शरीरात पाणी साठल्याची नसते. बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो म्हणून ती येते, आणि त्यामुळेच लघवी वाढवणारी गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. काहींच्या हिरड्याही वाढतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून ठेवा.

शेवटी ‘-प्रिल’ असलेली (रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल): या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. तो आठवड्याभरात सुरू होऊ शकतो किंवा काही महिन्यांनी. सिरपच्या बाटल्या संपतात, छातीचे एक्स-रे निघतात, आणि खोकल्याचं मूळ रोजच्या गोळीत असतं. डॉक्टरांना सांगितलं की ते बहुधा ‘-सार्टन’ गटातली गोळी देतात. त्यानंतर खोकला जायला काही आठवडे लागतात.

शेवटी ‘-सार्टन’ असलेली (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन): खोकल्याचा त्रास इथे फारसा नसतो. ‘-प्रिल’ आणि ‘-सार्टन’ या दोन्ही गटांच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. दोन्ही गट एकत्र घ्यायचे नसतात. चिठ्ठीवर दोन्ही दिसले तर थांबून विचारा.

लघवी वाढवणाऱ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड): या सहसा सकाळी देतात, नाहीतर रात्री उठावं लागतं. सोडियम आणि पोटॅशियम कमी होणं आणि युरिक अ‍ॅसिड वाढणं हे यांचे नेहमीचे परिणाम. वयस्कर माणसाला ही गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, गळाठा, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सोडियम घसरलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्पायरोनोलॅक्टोन याच कामाचं असलं तरी ते पोटॅशियम वाढवतं, कमी करत नाही, आणि पुरुषांमध्ये स्तन दुखरे होऊ शकतात.

शेवटी ‘-लोल’ असलेली (मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल): या ठोक्यांचा वेग कमी करतात. दमा असेल तर घेण्याआधी सांगायलाच हवं. मधुमेह्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र सुटतो. म्हणजे अकारण दरदरून घाम आला तर आधी साखर तपासा. ही गोळी एकदम बंद केली तर काय होतं ते दहाव्या पायरीत वाचा.

कमी डोसच्या दोन गोळ्या लिहून दिल्या की ‘माझं बीपी इतकं वाईट आहे का?’ अशी भीती वाटते. त्याचं कारण वेगळं असतं. एका औषधाचा डोस दुप्पट केल्याने बीपी दुप्पट उतरत नाही, थोडंच जास्त उतरतं, त्रास मात्र वाढतो. निरनिराळ्या पद्धतीने काम करणारी दोन औषधं थोडी थोडी दिली तर उतार जास्त मिळतो आणि त्रास कमी होतो.

४. पहिले पंधरा दिवस

सुरुवातीला थोडी चक्कर किंवा थकवा वाटू शकतो. बरीच वर्षं वाढलेल्या दाबाची शरीराला सवय झालेली असते. अम्लोडिपिनसारख्या गोळीचं रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायलाच सात-आठ दिवस लागतात, आणि बहुतेक गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून डोस वाढवायला जाऊ नका.

सगळ्यांत धोक्याचा क्षण रात्री लघवीला उठतानाचा. आडवं असताना पुरेसं असलेलं बीपी ताडकन उभं राहिल्यावर घसरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो, आणि कमरेचं हाड मोडलं की बीपीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. म्हणून आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडून मिनिटभर बसा, पावलं वर-खाली हलवा, मग आधार धरून उभं राहा. पहिलं पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबा. प्राझोसिनसारख्या (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या आणखी एका गटातल्या) गोळीचा पहिला डोस तर झोपतानाच देतात, कारण पहिल्या डोसानंतर ही अंधारी जास्त येते.

५. वेळ, पाणी आणि गोळी तोडणं

सकाळी घ्यावी की रात्री, यावर बराच वाद झाला. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम ठरावीक वेळ सांगितली नसेल तर जी वेळ रोज चुकणार नाही ती धरा. दात घासण्याला जोडून ठेवली तर सहसा विसरत नाही.

साध्या पाण्याबरोबर घ्या. बहुतेक गोळ्या जेवणाआधी किंवा नंतर, कशाही चालतात. ज्यांना वेळ पाळावी लागते त्यांच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. ग्रेपफ्रूट हे फळ आणि त्याचा रस मात्र निफेडिपिन, फेलोडिपिनसारख्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. त्या चालू असतील तर ते टाळा.

नावापुढे ‘एक्सएल’, ‘एसआर’, ‘ईआर’ अशी अक्षरं असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळेल अशी बनवलेली असते. ती कुटली किंवा चावली तर चोवीस तासांचं औषध तासाभरात अंगात उतरतं. मेटोप्रोलोलच्या अशा काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते आणि त्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटायच्या त्याही नाहीत. गोळी गिळताच येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार मागून घ्या. निफेडिपिनच्या एका प्रकारच्या गोळीचं रिकामं कवच शौचात अख्खं दिसतं. औषध वाया गेलं म्हणून लोक घाबरतात. आतलं औषध तोवर अंगी लागलेलं असतं.

६. गोळी घ्यायची राहिली तर

दिवसातून एकदाची गोळी असेल आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीही घ्यायच्या नाहीत. घेतली की नाही हेच आठवत नसेल तर घेऊ नका. एका दिवसाच्या चुकीपेक्षा दुहेरी डोसचा धोका मोठा आहे. ही शंका येऊ नये म्हणून तर सात कप्प्यांची डबी आणायची: मंगळवारचा कप्पा रिकामा, म्हणजे मंगळवारची गोळी गेली.

ओल लागली की बिघडतात अशा गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून ठेवू नयेत. डबीत स्ट्रिपचा कापलेला तुकडाच ठेवा, आणि गोळी गिळण्याआधी वेष्टन काढलंय ना ते बघा. न्हाणीघरात, शेगडीजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत औषध ठेवू नका. लहान मुलांच्या हाती तर पडताच कामा नये. ‘-डिपिन’ गटाच्या एक-दोन गोळ्याही लहानग्याच्या जिवावर बेतू शकतात. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्रास दिसायची वाट न बघता स्ट्रिप घेऊन थेट रुग्णालय गाठा.

७. घरी बीपी मोजणं

चुकीचं मोजून आलेला आकडा न मोजण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर डोस ठरतो. ही पायरी घाईत उरकू नका.

आधी पट्टा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर येतो. पुष्कळांना वर्षानुवर्षं असा वाढीव आकडा मिळत असतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. बाही दंडावर चुरगळून वर सारू नका, हातच बाहीतून बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावी, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. दंड त्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा साधारण ७ ते ८ ने जास्त येतो. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. यंत्र चालू असताना बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्या.

मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेलीच धरतात. आपण कुठवर यायचं हे मात्र डॉक्टर वय, किडनी, मधुमेह, चक्कर हे सगळं पाहून सांगतात. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून बघा, आणि ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच पुढे कायम धरा. ठोके अनियमित असतील तर यंत्राचा आकडा दरवेळी वेगळा येतो, ते डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे जाताना वर्षातून एकदा यंत्र सोबत न्या आणि त्यांच्या यंत्राशी पडताळून घ्या. आठवडाभराची नोंद झाली की रोज उठून मोजण्याची गरज नसते. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्याचं बीपी धास्तीनेच वर राहतं.

चक्कर येत असेल तर आणखी एक मोजणी करा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना लगेच दाखवा.

८. सोबत काय घ्यायचं नाही

सर्वांत मोठा सापळा दुखण्यावरच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही औषधं मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि चालू गोळीचा जोर कमी करतात. ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’, लघवीची गोळी आणि ही दुखण्यावरची गोळी, असं त्रिकूट एकत्र आलं तर किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. एक औषध किडनीत येणारा रक्तप्रवाह घटवतं, दुसरं तिथला दाब उतरवतं, तिसरं शरीरातलं पाणी कमी करतं. अंगात पाणी कमी असेल त्या दिवशी किडनी अचानक काम थांबवू शकते. तापाला किंवा दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, पण तेही रोज पूर्ण डोसात सलग घ्यायचं असेल तर विचारून. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम खूप असतं, त्या टाळा.

सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिन, फिनाइलेफ्रिन ही औषधं रक्तवाहिन्या आवळतात. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत ती असतात. दुकानात ‘मला बीपी आहे’ हे आधी सांगा, मग औषध मागा.

कमी सोडियमचं मीठ. आरोग्याला चांगलं म्हणून विकलं जाणारं हे मीठ सोडियमच्या जागी पोटॅशियम घालून बनवतात. ‘-प्रिल’, ‘-सार्टन’, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते घातक ठरू शकतं. पोटॅशियम खूप वाढलं की ठोके बिघडतात. साधंच मीठ, पण दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा.

ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून ते यादीतून गाळू नका.

सिल्डेनाफिलसारख्या लैंगिक शक्तीच्या गोळ्या. छातीत दुखण्यासाठी दिलेल्या नायट्रेटबरोबर या कदापि नाहीत, बीपी जीवघेणं घसरतं. प्राझोसिनसारख्या गोळीबरोबर विचारल्याशिवाय नाहीत.

डॉक्टर दुसऱ्या आजारासाठी औषध देत असतील तरी बीपीच्या गोळीचं नाव सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अम्लोडिपिनचं प्रमाण वाढवतं, ट्रायमेथोप्रिम असलेलं औषध पोटॅशियम वाढवतं, आणि ‘-लोल’ गटाच्या गोळीला व्हेरापामिल या बीपीच्या आणि ठोक्यांच्या औषधाची जोड मिळाली तर ठोके फार मंद होतात. दारूने आधी बीपी उतरून चक्कर येते, आणि नेहमीच्या पिण्याने बीपी चढतं.

९. रक्ततपासणी

‘-प्रिल’, ‘-सार्टन’ किंवा लघवीची गोळी सुरू केल्यावर, आणि डोस वाढवल्यावर, एक ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सोडियम तपासतात. पुढे सगळं स्थिर असेल तर साधारण वर्षातून एकदा, किडनीचा आजार असेल तर जास्त वेळा. ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. रिपोर्टवर आकडा ठळक दिसला म्हणून परस्पर गोळी बंद करू नका, आणि रिपोर्ट न दाखवता कपाटातही ठेवू नका.

१०. गोळी थांबवणं

आठवडाभर १२४/७८ च्या आसपास आकडे आले की प्रश्न येतोच: आता कशाला गोळी? तो आकडा गोळीने आणलेला आहे. बंद केली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बीपी पुन्हा चढतं, आणि तेही काही न जाणवता. वजन घटलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, कधी गोळी बंदही करतात, पण नोंदी बघत आणि टप्प्याटप्प्याने.

दोन औषधं अशी आहेत की ती अचानक तोडणं विशेष धोक्याचं. ‘-लोल’ गटाची गोळी अचानक बंद केली तर ठोके उसळतात, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन हे बीपीचं आणखी एक औषध अचानक बंद केलं तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळी घेतं. प्रवासात औषधाची बॅग हरवली तर या गोळ्यांसाठी त्याच दिवशी धावपळ करा. औषध हातातल्या सामानात ठेवा, काही दिवसांचं जास्तीचं घेऊन.

गोळी थांबवायचा किंवा बदलायचा प्रश्न लगेच येतो असे प्रसंग थोडे आहेत:

उलट्या, जुलाब, कडक ताप, अन्नपाणी पोटात ठरत नसणं. अशा वेळी ‘-प्रिल’, ‘-सार्टन’ आणि लघवीची गोळी चालू राहिली तर किडनीला इजा होऊ शकते. पुष्कळ डॉक्टर या गोळ्या तात्पुरत्या थांबवायला आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करायला सांगतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनलाही हेच लागू होतं. पण कुठली थांबवायची हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘-लोल’ची गोळी यात धरत नाहीत. पहिल्या पायरीतला चौथा प्रश्न याचसाठी होता. उत्तर डबीच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

दिवस राहिल्याचं कळणं. ‘-प्रिल’ आणि ‘-सार्टन’ गर्भाला घातक आहेत. पाळी चुकली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरोदरपणात लॅबेटालोल, मिथाइलडोपा, निफेडिपिन अशी औषधं देतात, म्हणजे पर्याय आहेत. मूल हवं असेल तर आधीच गोळी बदलून घेणं उत्तम.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना पूर्ण यादी दाखवा. काही गोळ्या त्या सकाळी वगळतात. ‘-लोल’ची गोळी सहसा चालू ठेवतात.

११. ताबडतोब रुग्णालय

- ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजणं. ‘-प्रिल’ गटाने हे वर्षानुवर्षं गोळी घेतल्यानंतरही होऊ शकतं. पुढची गोळी घेऊ नका, आणि श्वास अडकायची वाट बघू नका.
- छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक नजर जाणं. बीपी कितीही असो.
- बेशुद्ध पडणं, किंवा ठोके फारच मंद होऊन घेरी येणं.

आकडा १८०/१२० च्या वर आला पण यातलं काहीच होत नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. आज गोळी राहिली का, दुखण्याची गोळी घेतली का, ते बघा. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जादा गोळी घेऊ नका, आणि निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरण्याचा जुना उपाय तर अजिबात नको. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं.

आकडा ९०/६० च्या खाली आणि जोडीला चक्कर असेल तर आडवं व्हा, पाय उशीवर घ्या, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

१२. गोळ्या संपण्याआधी

दहा गोळ्या उरल्या की नवी स्ट्रिप आणा. मोबाइलमध्ये त्या तारखेचा गजर लावून ठेवा. खर्च परवडत नसेल तर एक दिवसाआड घेऊन पुरवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या गटांतली बहुतेक औषधं जेनेरिक रूपात मिळतात.

पुढच्या भेटीला जाताना वही, यंत्र, रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, बंद केलेल्या आणि अर्धवट उरलेल्या धरून. किती दिवस गोळी राहिली ते खरं सांगा. ते लपलं तर गोळी लागू पडत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढे सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या की बीपी गरजेपेक्षा खाली जातं. बंद झालेल्या औषधावर तिथेच डॉक्टरांसमोर काट मारून घ्या.